वहीतले ठिपके

“जॅग, नेक्स्ट,” डग व्हिटेकर म्हणाला आणि मी प्रोजेक्टरवरचा पारदर्शक कागद बदलला.

मे २००५ मधला गुरुवार होता. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या पश्चिमेला तासाभरावर आमचं लहानसं कॉलेज आहे आणि डग त्याच्या खेळ विभागाचा डायरेक्टर. टेबलाभोवती तो, डीनबाई आणि कधीकाळी कॉलेजच्या टीमकडून खेळलेले दोन गलेलठ्ठ गृहस्थ बसले होते. विषय एकच. बेसबॉलचा सीझन नुकताच संपला होता, छत्तीस मॅचेसपैकी आम्ही पाच जिंकल्या होत्या, आणि हेड कोच हॅल ब्रेनरला काढून त्याच्या जागी दुसरा माणूस आणायचा होता. त्या खोलीत मला मत नव्हतं. मी जगन्नाथ दिवेकर, अमेरिकन जिभेला झेपेल तेवढा जॅग. अठरा वर्षं तिथे खेळाडूंचे कपडे धुतो, बॉल मोजतो, टॉवेल देतो आणि घेतो. शिवाय सहा सीझन आमच्या मैदानावरच्या मॅचेसचा ऑफिशियल स्कोअरर. आकडे माझ्या वहीतले होते, म्हणून कागद बदलायला मी.

“ही आपली फील्डिंग,” डग म्हणाला. “घरच्या मैदानावर लीगमध्ये दुसरा नंबर. बाहेर गेलो की शेवटचा.”

“असं कसं?” डीनबाईंनी विचारलं. त्या मूळच्या केमिस्ट्रीच्या, त्यामुळे त्यांना असे प्रश्न पडतात.

“पोरं बाहेर घाबरतात,” पहिले गृहस्थ म्हणाले. “कोचचंच काम असतं ते.”

“आणि हे पिचिंग. घरी सगळ्यात वाईट, बाहेर जरा बरं.”

“घरच्या लोकांसमोर प्रेशर येतं ना,” तेच गृहस्थ म्हणाले.

फील्डर बाहेर घाबरतात आणि पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, घरी घाबरतात, हे त्यांनी एका दमात सांगून टाकलं आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. हॅल स्वतः जुना पिचर, त्यालाच पिचर घडवता येत नाहीत, मग त्याला ठेवायचं कशाला, असं ठरलं. विस्कॉन्सिनमधला एक तरुण पिचिंग-तज्ज्ञ डगने आधीच हेरून ठेवला होता. हॅलला सोमवारी सकाळी दहाला सांगायचं, तोवर कुणी बाहेर बोलायचं नाही.

“जॅग, तूसुद्धा,” डग म्हणाला.

मी मान डोलावली. घरच्या आणि बाहेरच्या आकड्यांत एवढा फरक का, हे त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं आणि तो प्रोजेक्टरचा पंखा बंद करत होता.

आता थोडं समजावून सांगायला हवं, नाहीतर माझा गुन्हा कळायचा नाही. बेसबॉलमध्ये स्कोअररला एक अधिकार असतो, जो क्रिकेटच्या स्कोअररला स्वप्नातही मिळत नाही. फील्डरच्या हातून बॉल सुटला आणि बॅटर पहिल्या बेसवर पोचला, तर तो बॅटरचा हिट की फील्डरचा एरर, हे स्कोअररने ठरवायचं. अंपायरने नाही, कोचने नाही. वर बूथमध्ये बसून मी बटण दाबलं की बोर्डावर एच लागायचा किंवा ई लागायचा आणि सगळं मैदान तिकडे बघायचं. एरर दिला तर त्या चुकीतून झालेले रन पिचरच्या नावावर चढत नाहीत. हिट दिला तर चढतात. घरच्या मॅचेसना हा निर्णय माझा, बाहेरच्या मॅचेसना तिकडच्या स्कोअररचा.

मी साताऱ्याचा. पाटबंधारे खात्यात कारकून आणि रविवारी जिल्ह्याच्या क्रिकेट मॅचेसचा स्कोअरर, अशी बावीस वर्षं काढली. आमच्या स्कोअरबुकात सुटलेला कॅच लिहायला जागाच नव्हती. ज्याने सोडला त्याला तिथल्या तिथे शिव्या पडायच्या, संध्याकाळी भेळ खाताना त्याची यथेच्छ टिंगल व्हायची आणि विषय संपायचा. वही गप्प. सोमवारी तो पोरगा ताठ मानेने बाजारातून फिरू शकायचा. मला ते फार सभ्य वाटायचं, अजूनही वाटतं.

तर २००० साली आमचा जुना स्कोअरर निवृत्त झाला आणि वही माझ्याकडे आली. पहिले दोन आठवडे मी नियमाने ई दिले. मग एका शनिवारी एका नव्या मुलाच्या पायांतून बॉल गेला. मी ई लावला. पुढच्याच बॅटरला पुन्हा तेच. पुन्हा ई. त्याची आई चारशे मैल ड्राइव्ह करून मॅच बघायला आली होती. ती मुलाकडे बघतच नव्हती, नुसती बोर्डाकडे बघत होती. माझ्याने ते बघवेना. तिसऱ्यांदा बॉल सुटला तेव्हा माझं बोट आपसूक एचवर गेलं.

पण हात स्कोअररचा. खोटं लिहिलं की त्याला चैन पडत नाही. म्हणून हिटच्या खुणेखाली मी पेन्सिलने एक बारीक ठिपका दिला. हा खरा एरर, एवढं माझं मला ठाऊक असावं, बाकी कुणाला नको. मग ती सवयच लागली. समोरच्या टीमच्या फील्डरांनाही मी तीच सवलत द्यायचो, अन्याय नको म्हणून. पिचरच्या नावावर फुकटचे रन चढतात हे मला कळत नव्हतं असं नाही. पण पिचरचा आकडा सीझनच्या शेवटी कुठल्या तरी तक्त्यात येतो. ई तिथल्या तिथे, आईसमोर लागतो. हॅलचा तर मी विचारच केला नाही.

शनिवारी सकाळी या सीझनच्या घरच्या सतराही मॅचेसची पानं डायनिंग टेबलावर पसरून मी ठिपके मोजायला बसलो.

“अहो, साडेदहा झाले,” माझी बायको नंदा बाहेर आली. मराठी मंडळाचा महाराष्ट्र दिन होता, ती समूहगीतात होती आणि नेसून तयार होती. “कुर्ता इस्त्री करून ठेवलाय. आणि हे काय मांडलंय?”

“मी येत नाही.”

“येत नाही म्हणजे? खुर्च्या लावायच्या कमिटीत तुमचं नाव आहे.”

“रवीला सांग ना.”

रवी म्हणजे तिचा धाकटा भाऊ. इंजिनियर, नेपरव्हिलात मोठं घर, आम्हाला या देशात त्यानेच आणलेलं. तिला न्यायला तो दहा मिनिटांत आलाच. दोघांनाही मी गुरुवारपासूनची हकिकत सांगितली. सांगताना वाटलं होतं त्यापेक्षा ती फारच वाईट ऐकू आली.

“जगन्नाथराव, यार, सोडून द्या,” रवी म्हणाला. “तुम्हाला कुणी विचारलंय का? छत्तीसपैकी पाच जिंकला तो माणूस! आमच्या कंपनीत असता तर पहिल्याच क्वार्टरला लेऑफ केला असता.”

“त्याचं पिचिंग वाईट नव्हतं.”

“नसेल. पण तुम्ही जाऊन काय सांगणार? मी सहा वर्षं रेकॉर्ड चुकीचं ठेवलं? दे विल फायर यू. तुम्ही एकसष्ट. मेडिकेअरचा सरकारी विमा मिळायला अजून चार वर्षं आहेत. ऑगस्टमध्ये ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. इन्शुरन्स कुणाचा आहे? कॉलेजचा. मग?”

त्याचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. ऑपरेशनची तारीख फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मीच लाल पेनाने लिहिली होती.

नंदा खुर्ची ओढून बसली, नऊवारी सांभाळत. “किती झाले?” तिने विचारलं.

“या सीझनचे आत्तापर्यंत अठ्ठावीस. सहा मॅचेस राहिल्यात.”

“अठ्ठावीस?” ती माझ्याकडे बघत राहिली. “मला वाटलं, दोन-चार असतील. तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो हे पुण्य करायला? त्या पोरांचे लाड करायला त्यांच्या घरचे कमी पडले होते?”

मी पुढचं पान ओढलं.

“ताई, तूच सांग त्यांना,” रवी म्हणाला.

“काय सांगू? गुडघा माझा आहे, तो घेऊन मी चार वर्षं चाललेय, अजून चालेन.” ती उठली. “त्या हॅलची बायको दर ख्रिसमसला आपल्याकडे केक पाठवते. अंडं न घालता करते ती, माझ्यासाठी. तुम्ही पुरं करा ते. खुर्च्या रवी लावेल.”

रवीने हात वर केले आणि दोघं गेले. संध्याकाळी ती परत आली तेव्हा माझं या सीझनचं काम झालं होतं, आणि रविवारी दुपारपर्यंत मी मागची पाच वर्षंही काढली. या सीझनला घरच्या मैदानावर आमच्या नावावर अकरा एरर होते. आमच्या फील्डरांचे ठिपके त्रेचाळीस. ते एरर धरले की आमच्या पिचरांची घरची सरासरी, म्हणजे नऊ इनिंगमागे त्यांच्या नावावरचे रन, सातावरून चारावर यायची, म्हणजे बाहेरच्या सरासरीच्या अगदी शेजारी जाऊन बसायची. बाहेरच्या स्कोअररांनी लिहिलेलं सगळं खरं होतं. खोटा मी एकटा होतो.

मला सगळ्यात जास्त छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. दर वर्षी हॅल डगकडे दोन गोष्टी मागायचा. इनफील्ड, म्हणजे बेसच्या आतलं मैदान, खणून नवी माती टाकून हवी, कारण खड्ड्यांवरून बॉल वेडावाकडा उसळतो. आणि फील्डिंगसाठी एक अर्धवेळ कोच हवा. दर वर्षी डग त्याला तक्ता दाखवायचा. तुझी फील्डिंग घरी दुसऱ्या नंबरची आहे, तू आधी पिचिंगचं बघ. आणि तो तक्ता टाइप कोण करायचं? मीच.

सोमवारी आठ वाजता मी डगच्या दारात उभा होतो.

डग वाईट माणूस नाही. त्याने माझा दुरुस्त आकड्यांचा कागद दोनदा वाचला, एकदा वही उघडून ठिपके बघितले आणि खुर्चीत मागे रेलला.

“जॅग, पाच जिंकल्या, एकतीस हरल्या. त्यात तुझे किती ठिपके आहेत?”

“एकही नाही.”

“मग? हरलेल्या मॅचेस हरलेल्याच राहतात.”

“पण पिचिंग जमत नाही म्हणून तू त्याला काढतोयस. ते खरं नाही. त्याने माती मागितली, तू दिली नाहीस. माझ्यामुळे दिली नाहीस.”

त्याने घड्याळाकडे बघितलं. “नव्या माणसाने हो म्हटलंय. आता मागे येता येत नाही. तुझा प्रामाणिकपणा मी लक्षात ठेवीन. पण हा कागद लीगकडे पाठवू नकोस. कॉलेजचं हसं होईल. शिवाय आपल्या कॉडी मार्शचं नाव लीगच्या ऑल-स्टार यादीत शॉर्टस्टॉप म्हणून लागलंय. ते काढावं लागेल. त्या पोराचा विचार कर.”

पोराचा विचार करायचा. तोच तर मी सहा वर्षं केला होता.

“सीझन संपल्यापासून दहा दिवस करेक्शन पाठवता येतं,” मी म्हटलं. “त्यावर सही स्कोअररची लागते. डायरेक्टरची नाही.”

“ही धमकी आहे का?”

“नाही. नियम आहे.”

आयुष्यात वरच्या माणसाला मी पहिल्यांदाच असं बोललो होतो. पाटबंधारे खात्यात तर साहेबासमोर पेनाचं टोपणसुद्धा वाजू दिलं नाही. डगने कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला की तो विचार करेल. कशाचा ते त्याने सांगितलं नाही.

अकरा वाजता हॅल पुठ्ठ्याचा खोका घेऊन माझ्या इक्विपमेंट रूममध्ये आला. अठ्ठावन्न वर्षांचा, उंच, उन्हाने मान तांबूस झालेला माणूस. आमची मैत्री फार बोलण्याची नव्हती. तो बारा वर्षं रोज सकाळी माझ्याकडे यायचा, काउंटरवर रेलून कॉफी प्यायचा आणि कालच्या मॅचबद्दल एक वाक्य बोलायचा.

“तर,” तो म्हणाला, “झालं.” त्याने कॉलेजचं जॅकेट काउंटरवर ठेवलं, घडी घातलेलं.

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं असं नाही. पण नंतर सांगितलं असतं तर कधीच सांगितलं नसतं. मी जुना तक्ता आणि दुरुस्त केलेला, असे दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले आणि सांगून टाकलं, आईची गोष्ट, ठिपके, सगळं. त्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि वाचलं. वाचायला त्याला खूप वेळ लागला.

“सहा वर्षं,” तो म्हणाला. “सहा वर्षं मी त्यांना सांगतोय, या पोरांना बॉल अडवता येत नाही. ते मला तुझा तक्ता दाखवायचे. मला वाटलं, माझेच डोळे म्हातारे झाले.”

“आय ॲम सॉरी, हॅल.”

“तीन पोरांनी पिचिंग सोडलं, जॅग. चांगली पोरं होती. तुझा तक्ता बघून सोडलं. मी त्यांना सांगत होतो की तुम्ही बरे आहात, आणि त्यांना वाटायचं, म्हातारा मन राखायला बोलतोय.” त्याचा चेहरा लाल झाला होता. “तुला वाटत होतं ना, तू चांगला वागतोयस?”

“हो.”

“कुणाशी?”

त्याने खोका उचलला आणि तो गेला. हात मिळवला नाही. मी त्याचं जॅकेट घेऊन तसाच उभा राहिलो, आणि खरं सांगतो, तिथे टॉवेलांच्या ढिगाआड मला रडू आलं.

त्या दिवशी माझा निश्चय पक्का झाला. हॅल परत येणार नव्हता, डग माझ्यावर खूश होणार नव्हता, पण चुकीचा कागद लीगच्या दप्तरात माझ्या सहीने पडून राहणार नाही, एवढं माझ्या हातात होतं. फक्त त्याआधी कॉडीला तोंडावर सांगायचं होतं. त्याच्या मागून नाव काढलं असतं तर मी पुन्हा तोच झालो असतो, वर बूथमध्ये बसून दुसऱ्याचं परस्पर ठरवणारा.

कॉडी, आमचा दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर, मंगळवारी युनिफॉर्म परत करायला आला. त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं.

“कॉडी, तुझ्या नावावर घरचे पाच एरर आहेत,” मी म्हटलं. “माझ्या वहीप्रमाणे एकोणीस.”

तो टोपीची कड चुरगाळत राहिला. मला वाटलं, आता चिडेल.

“मिस्टर डी, वीस असतील,” तो शेवटी म्हणाला. “तुम्ही एच लावायचात ना, तेव्हा मी बोर्डाकडे बघायचोच नाही.”

“मला करेक्शन पाठवायचंय. यादीतून तुझं नाव जाईल.”

“डॅडने ती यादी दुकानाच्या काचेवर लावलीय.” त्याने टोपी खिशात कोंबली. मग म्हणाला, “कोच मला प्रॅक्टिसनंतर रोज जमिनीलगतचे पन्नास ग्राउंडर मारायचा. एकट्याला. मला वाटायचं, याची माझ्यावर खुन्नस आहे. बोर्ड तर सांगतोय मी बरा खेळतो. वीस झाले की मी दमलो म्हणून निघून जायचो.” त्याने युनिफॉर्म काउंटरवर ठेवला. “पाठवा तुम्ही. डॅडला मी सांगतो.”

हॅलने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं. मी कुणाशीच चांगला वागलो नव्हतो. त्या पोराला कुणीतरी वेळेवर ई लावला असता तर त्याने पन्नासच्या पन्नास बॉल अडवले असते.

बुधवारी सकाळी मी ऑफिसच्या फॅक्समधून सतरा मॅचेसची सतरा पानं लीगला पाठवली. प्रत्येक पानावर सही, पूर्ण नाव, जॅग नाही. मशीन मध्येच दोनदा अडलं आणि दोन्ही वेळा मी पान सरळ करून पुन्हा घातलं. डगच्या खोलीचं दार उघडं होतं. तो आतून बघत होता, पण उठला नाही.

पुढे जे झालं ते कुठल्याही पेपरात आलं नाही. लीगने याच सीझनचं करेक्शन मान्य केलं, जुनी वर्षं बंद झाली म्हणून कळवलं. कॉडीचं नाव यादीतून गेलं. आमचे पिचर नऊ टीम्समध्ये शेवटून वर सरकून पाचवे आले आणि फील्डिंग तळाला गेली. नव्या कोचने आल्या आल्या इनफील्डची माती मागितली. तिला आठ दिवसांत मंजुरी मिळाली, कारण आता कागदावर चुका दिसत होत्या. मला डगने कामावरून काढलं नाही. जूनमध्ये बोलावून एवढंच सांगितलं की नव्या कोचचा स्वतःचा स्कोअरर आहे, लॅपटॉपवर करतो, तेव्हा यापुढे बूथमध्ये माझी गरज नाही. नंदाचा गुडघा ऑगस्टमध्ये झाला. मी रात्रंदिवस तिच्यामागे वॉकर घेऊन फिरलो आणि तिने माझ्यावर यथेच्छ हुकूम सोडले.

हॅलला मी दुरुस्त तक्त्याची प्रत पाठवली, सोबत चार ओळी. उत्तर आलं नाही. एकदा फोन केला तर त्याच्या बायकोने तो घरी नसल्याचं सांगितलं, आणि मागे टीव्हीवर मॅच चालू असल्याचं मला ऐकू आलं. शेजारच्या गावातल्या हायस्कूलच्या टीमला तो शिकवतो, असं कुणीतरी बोललं. ख्रिसमसला केक आला नाही. नंदाने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि तिने काढला असता तर बरं, असं मला वाटत राहिलं.

मार्च २००६ मध्ये आमची घरची पहिली मॅच लागली. थंडी मरणाची होती. शनिवार होता, मला सुट्टी होती आणि जायचं काही कारण नव्हतं. नंदाने कार्डिगनवर जॅकेट, त्यावर मफलर आणि वर ब्लँकेट असं सगळं माझ्यावर लादलं आणि म्हणाली, “घरात येरझाऱ्या घालण्यापेक्षा जाऊन बसा तिथे.” सहा सीझन मी मैदान वरून, काचेतून बघितलं होतं. बाकांवरून ते वेगळंच दिसलं. इथून पोरांचे चेहरे दिसत होते.

तिसरी इनिंग चालू असताना कुणीतरी माझ्याच बाकावर येऊन बसलं, मध्ये दोन माणसांची जागा सोडून. बघितलं तर हॅल. अंगावर त्याच्या हायस्कूलचं निळं जॅकेट होतं. त्याने मान हलवली, मीही हलवली. मी ब्लँकेट वर ओढून घेतलं.

इनिंग संपल्यावर तो म्हणाला, “माती छान टाकलीय.”

“हो. सप्टेंबरात टाकली.”

“बॉल सरळ येतोय आता.”

पाचव्या इनिंगला समोरच्या बॅटरने बॉल जमिनीलगत सणसणीत मारला. थर्ड बेसवर आमचा पहिल्या वर्षाचा एक बारीक पोरगा होता. त्याने डावीकडे आडवी झेप घेतली. बॉल ग्लव्हच्या टोकाला लागला आणि निसटून मागे गवतात गेला. बॅटर बेसवर पोचला. पोरगा गुडघ्यांवर उठून बसला आणि बोर्डाकडे बघायला लागला. बोर्ड कोरा होता. वर बूथमध्ये लॅपटॉपवाला अजून ठरवत असावा.

“काय देशील?” हॅलने विचारलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

“एरर,” मी म्हटलं. “ग्लव्हला लागला होता.”

“सहा फूट झेप घेतली त्याने.”

“लागला होता, हॅल.”

“अशी झेप घेऊन गाठलेला बॉल हिट असतो. नियमच आहे तो. तुला पाठ आहे.”

पाठ होता. अशा बॉलला एरर देणारा स्कोअरर आंधळा म्हणायचा. पण गेले दहा महिने घरी टीव्हीवर मॅच बघतानासुद्धा मी एकाही पोराला हिट दिला नव्हता. मनातल्या मनात सगळ्यांना एरर लावत सुटलो होतो. मला हिट द्यायची भीतीच बसली होती.

हॅलने आता माझ्याकडे बघितलं. “दे त्याला,” तो हळू म्हणाला.

“हिट,” मी म्हणालो. मग जरा मोठ्याने म्हणालो, “हिट आहे तो.”

हॅलने मान हलवली आणि मधल्या जागेतून सरकून माझ्या शेजारी आला. मी ब्लँकेटचं अर्धं टोक त्याच्या गुडघ्यांवर टाकलं. खाली थर्ड बेसवरचा पोरगा उठून अंगावरची माती झटकत होता, आणि पिचर पुढच्या बॉलसाठी तयार झाला होता.